धुतलेला आवाज

स्टुडिओतल्या मांडणीवर एक चौकोन अजून धुळीशिवाय आहे. आमच्या रेडिओ केंद्राची जुनी पेटी तिथे असायची. माझा आवाज तिच्यातून जायचा आणि एकसारखा होऊन बाहेर पडायचा. मी बोलताना तिच्यावरचे हिरवे दिवे वरखाली व्हायचे, म्हणजे ती काय करते आहे ते निदान दिसायचं. आता तेच काम एक सॉफ्टवेअर करतं, आणि ते दुसऱ्याच शहरातल्या सर्व्हरवर असतं. "मॅडम, आता घसा बसला तरी काळजी नाही," आमचे इंजिनिअर कौतुकाने म्हणाले. मला ते कौतुकच खटकलं. जे माझा बसलेला घसा लपवतं, ते आणखी काय काय लपवत असेल? हल्ली कुठल्याही केंद्रावर टवटवीत आवाज लागला की मी कान टवकारते. हा माणूस खरंच खुशीत आहे, की त्याला धुऊन इस्त्री करून पाठवलाय?

गावी आई माझा सकाळचा कार्यक्रम न चुकता ऐकते. पूर्वी ती नुसत्या आवाजावरून ओळखायची आणि लगेच फोन करायची, "झोपली नाहीस का काल?" परवा अंगात ताप असताना मी कार्यक्रम केला. तिचा फोन आला नाही. संध्याकाळी मीच केला आणि चार शब्द कसेबसे बोलले.

"रेडिओवर तर छान बोलत होतीस," ती म्हणाली. मग तिलाही संशय आला. "तुझा फोन बिघडलाय का गं?"