पिराला शेपूट

गेल्या धुळवडीला, भर दुपारी, आमच्या गोदाकाठच्या गावात विहीर खणणाऱ्या वडाराला चावडीत बांधून घातलं. गुन्हा काय, तर त्याच्या पहारीला माणसाएवढी लांब हाडं लागली, आणि पाटलानं ठरवलं की यानं कुण्या नऊ गज लांबीच्या पिराची कबर फोडली.

दर्ग्याच्या मुजावराला बोलावणं गेलं, तेव्हा मला धसकाच बसला. म्हातारा तिरसट. राम राम घातला तरी आधी 'कावून?' विचारणार आणि उत्तर न ऐकताच पुढं जाणार. शिवाय नवा पीर म्हणजे नव्या चादरी, नवा मलिदा, सगळं त्याच्याच घरी.

तो खड्ड्यात उतरला. मणक्यांवरून हात फिरवत पार टोकापर्यंत गेला. वर येऊन पाटलाला म्हणाला, "कावून बांधलं त्याला? पिराला शेपूट असतं का बे?"

"चाचा, नीट बघा."

"लई नीट बघितलं. जनावर हाय. सोडा त्याला."

दोर सुटला आणि माझा जीव भांड्यात पडला.

तो अख्खा सांगाडा आता हैदराबादेत एका अजबखान्यात मांडलाय. पाटीवर कुण्या साहेबाचं नाव आहे, वडाराचं नाही. तिकडं गेलात तर नुसतं बघून परतू नका. वडाराचं नाव का नाही, ते तिथल्या अंमलदाराला तोंडावर विचारा.