अर्धा चमचा जास्त

माझी धाकटी जाऊ सोलापूरहून लग्न होऊन आमच्या तुळजापूरच्या घरात आली, तेव्हा तिच्या बॅगेत साड्यांपेक्षा ग्रीन टीची पाकिटंच जास्त होती, असं मी अजून सांगते. खरं म्हणजे तीनच होती. पण जळणाऱ्या माणसाला तिनाची तेरा दिसतात आणि मी जळत होते, त्यात लपवायचं काय?

तोवर घरातला सकाळचा चहा माझा होता. सासूबाई गेल्यापासून मामा, म्हणजे माझे सासरे, पहाटे अंघोळ उरकून, देवीच्या दर्शनाला निघायच्या आधी माझ्या स्वयंपाकघरात पाट घेऊन बसायचे. आलं ठेचून घातलेला, दुधाचा, चांगला उकळलेला चहा मी कपात गाळायची. ते तो बशीत ओतून फुंकर मारत प्यायचे आणि शेताचं, गुडघ्याचं, भावकीचं सगळं मला सांगायचे. माझ्या नवऱ्याच्या आधी मला कळायचं. त्या अर्ध्या तासावर माझा सगळा तोरा होता.

मग मामांना शुगर निघाली आणि धाकटीला रान मोकळं मिळालं. मोबाईलवर वाचून ती सांगायची, ग्रीन टीनं पोट उतरतं, काळजाला बरं असतं, कांती उजळते. सत्तरीच्या माणसाला कांती कशाला पाहिजे, बाई? पण मी मनातच म्हटलं. दुसऱ्या दिवशी मामा दारातूनच म्हणाले, "थोरले, आजपासून तुझा चहा नगं." आणि ते फिक्कट पाणी भरलेला मग घेऊन ओसरीवर धाकटीजवळ जाऊन बसले. बशीसुद्धा सोडली त्यांनी. दोघांच्या गप्पा मला आत ऐकू यायच्या आणि मी उगाच भांडी आपटायची. नवरा म्हणाला, एवढं काय झालं? त्याला काय सांगणार, कपाळ?

एकदा धाकटी आठ दिवस माहेरी गेली. म्हटलं, आता बघाच. ती पुडी गरम पाण्यात नुसती बुडवून काढते, म्हणजे कामचुकारपणाच की! मी चार पुड्या फोडून पातेल्यात टाकल्या आणि आपल्या चहासारख्या खळखळ उकळल्या. काळाकुट्ट, कडूजहर काढा झाला. म्हणून त्यात गुळाचा मोठा खडा घातला. गुळाला काय होतंय, ती काय साखर आहे का, अशी आमच्याकडं घरोघरी समजूत. मामांनी घोट घेतला, माझ्याकडं बघितलं आणि मुकाट्यानं कप संपवला. आणि पाटावरून उठून गेले.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. रिपोर्ट दाखवायला मामांबरोबर आम्ही दोघी जावा दवाखान्यात गेलो. बाकावर बसून मी मनात देवीचं नाव घेत होते. मागत काय होते, तर म्हाताऱ्याची शुगर उतरू नये. आज सांगताना लाज वाटते, पण मागितलं खरं.

शुगर चांगली उतरली होती. धाकटीचा चेहरा असा फुलला की मला तिथं बसवेना. तिनं डॉक्टरांना ग्रीन टीचं सांगून टाकलं. ते म्हणाले, आवडत असेल तर जरूर प्या, चांगलाच आहे, पण ते काही औषध नाही. आधी किती चहा व्हायचा?

दिवसाला पाच कप, मी म्हणाले.

कपाला साखर किती, त्यांनी विचारलं.

सासूबाई होत्या तोवर मामांना एकच चमचा ठरलेला होता. त्या गेल्यावर मी दोन घालू लागले आणि वर आणखी अर्धा. चहा गोड लागला की मामा जरा जास्त वेळ बसायचे. अडीच चमचे, मी कशीबशी बोलले.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग हा गुण साखर सुटल्याचा आहे. आणि साखरेच्या जागी गूळ घालाल, तर तोही तसलाच, तोही नको. पण एवढी साखर घालत कोण होतं?"

धाकटीनं माझ्याकडं बघितलं. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसले.

"म्याच मागून घेत व्हतो," मामा म्हणाले. "पोरीचा काय दोष न्हाय."

इतक्या वर्षांत मामांनी माझ्याकडं साखर एकदाही मागितली नव्हती.