अण्णासाहेबांची मोटार आणि दादू मिस्त्रीचा नारळ

संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर आम्ही चार म्हातारे बसतो. एकानं एक किस्सा सांगितला की दुसऱ्याला तीन आठवतात. त्यांतला एखादा खराही असतो. माझे मात्र सगळे खरे. मला रचता आले असते तर जन्मभर वकिलाकडे कारकुनी कशाला केली असती?

वकील म्हणजे अण्णासाहेब. संस्थान विलीन झालं त्या सुमारास त्यांनी एक जुनी, कापडी टपाची विलायती मोटार घेतली. दिवाळी झाली की ती विटांवर चढायची. "थंडीनं इंजिन बाधतं," असं अण्णासाहेब सांगत. खरं तर टपातून वारा शिरायचा आणि बाधायचे ते अण्णासाहेबांचे कान!

अण्णासाहेबांच्या मंडळींनी, म्हणजे आमच्या वहिनींनी, गाडीवर दोन जाड गोधड्या घातल्या होत्या. समोरच्या ओसरीवर मी कुडकुडत दाव्याच्या नकला उतरवत असे. एकदा धीर करून म्हणालो, "वहिनी, त्यातली एखादी गोधडी इकडे..."

"अहो, गाडी जुनी झालीय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही अजून तरुण आहात!"

*

शिवरात्र झाली, थंडी गेली, की गाडी विटांवरून उतरायची आणि आम्ही ती ढकलत शाहूपुरीत दादू मिस्त्रीकडे तपासणीला न्यायचो. दादूची एक रीत होती. गाडी त्याच्या मनासारखी झाली तरच तो पुढच्या चाकापाशी नारळ फोडी. आणि ट्रायल सोडली तर दादूचा नारळ फुटल्याशिवाय अण्णासाहेब गाडीत बसून गावाबाहेर जात नसत.

त्या वर्षी घाई होती. थोरली मुलगी कुसुम हिचं लग्न कागलच्या एका मास्तरांशी ठरलं होतं, आणि बैठकीत अण्णासाहेब सर्वांदेखत बोलून बसले होते, "मुलगी सासरी मोटारीतूनच येईल!" कागलात ही बातमी पत्रिकेच्या आधी पोहोचली.

*

दादू लांब स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला लावी, दुसरं कानाला. त्या दिवशी त्यानं डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "खोकतीया."

अण्णासाहेबांनी लगेच उलटतपासणी सुरू केली. "कधीपासून?"

"आत्ता ऐकली की."

"त्याआधी खोकत नव्हती, असं शपथेवर सांगाल?"

दादूनं स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्या हातात ठेवला. "ह्यो घ्या सायेब. तिलाच इचारा!"

*

थंडीत आमच्याकडे गुऱ्हाळं सुरू असतात. त्या वर्षीही अशिलांनी गुळाच्या ढेपी आणून दिल्या होत्या. घरात उंदीर, म्हणून वहिनींनी त्यातल्या तीन गाडीच्या मागच्या सीटखाली ठेवल्या आणि विसरून गेल्या.

दादूनं सीट उचलली. गूळ दिसलाच नाही. दिसल्या त्या मुंग्या, दाराच्या फटीपर्यंत.

दादूनं सीट परत खाली ठेवली. "सायेब, इंजिनाला कशाला हात लावू? ह्याच उचलून न्हेत्यात की कागलाला!"

*

चैत्रात कळंब्याच्या रस्त्यावर ट्रायल घेतली. दादू चालवत होता, शेजारी अण्णासाहेब, मागे मी. उतारावर दादूनं ब्रेक दाबला. गाडीनं तिकडे लक्ष दिलं नाही. मग दादूनं ती सरळ रस्त्याकडेच्या शेतात घातली आणि आम्ही वांग्याच्या वाफ्यात थांबलो.

शेत तुरुंगाचं होतं. चार-पाच कैदी खुरपत होते. त्यातला एक उठून जवळ आला. दोन वर्षांपूर्वी अण्णासाहेबांनी त्याच्याच बाजूनं खटला चालवला होता. त्यानं ओळखलं, हात जोडले.

"या सायेब! तुमीबी आलासा व्हय!"

*

लग्न चार दिवसांवर आलं. ब्रेक लागू लागले, खोकला गेला, पण ढकलल्याशिवाय गाडी सुरू होईना आणि दादू नारळाला हात लावेना.

"माणसं वेशीवर येऊन उभी राहतील, दादू," अण्णासाहेब म्हणाले. कोर्टात गरजणारा तो आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "पोरीला बैलगाडीतून उतरताना पाहतील. काय तोंड दाखवू मी व्याह्यांना?"

दादूनं पुन्हा बॉनेट उघडलं. शेवटी दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब स्वतःच नारळ घेऊन गेले. "हा घे. फोड, आणि मोकळा हो."

दादूनं नारळ कानाशी हलवून पाहिला. "पानी हाय की चांगलं. आता असं करा, ह्यातनंच धाडा पोरीला!"

*

लग्नाच्या सकाळी मात्र दादू गाडीसकट मांडवाशी हजर झाला आणि त्यानं आपला नारळ फोडला. "पास केलीया. चालवनार मीच. पर सुरू करायला धक्का लागंल, आन एकदा सुरू झाली की कागल येईपतूर थांबवनार न्हाय. वाटंत थांबली तर तितंच मुक्काम!"

दुपारी पाठवणी झाली. रडारड आटोपून कुसुम मागच्या सीटवर बसली, पाठराखीण म्हणून तिची मावशी शेजारी. मास्तर बसणार, तोच त्यांनी पाहिलं की सासरे उपरणं कमरेला बांधून गाडीला खांदा लावताहेत. सासऱ्यांनी ढकलायचं आणि आपण बसायचं, हे काही मास्तरांना पटेना. त्यांनी मुंडावळ्या कानामागे टाकल्या आणि खांदा लावला.

पहिल्या धक्क्याला गाडी गुरगुरली, दुसऱ्याला शिंकली. तिसऱ्याला मास्तरांनी असा काही जोर लावला की गाडी धडधडत निघाली! वऱ्हाडानं टाळ्या पिटल्या, बँडवाल्यांनी बँड वाजवला. धूळ खाली बसली तेव्हा रस्त्याच्या मधोमध नवरदेव उभे.

"दादू! अरे, थांब!" अण्णासाहेब ओरडले.

लांबून दादूनं हात बाहेर काढला आणि सर्वांचा निरोप घेतला.

पुढचं मावशींनी सांगितलं. गाडी कागलात दिमाखात शिरली, थेट व्याह्यांच्या दाराशी थांबली. अख्खी गल्ली लोटली होती. सासूबाई ओवाळणीचं ताट घेऊन पुढे आल्या. कुसुम मान खाली घालून उतरली. सासूबाईंनी गाडीत वाकून पाहिलं, पलीकडे जाऊन पाहिलं.

"अगं, आमचा वसंता कुठाय?"

कुसुमनं मान वर केली नाही.

"ढकलतायत," ती म्हणाली.