मालक म्हणून नाव

पुंडलिकनगरच्या पलीकडे आम्ही वरच्या मजल्यावरच्या दोन पत्र्याच्या खोल्या भाड्याने घेतल्या, तेव्हा भाडं गल्लीतल्या इतरांपेक्षा हजार रुपयांनी कमी होतं. अट एकच होती, कागद करायचा नाही. घरमालकीण मूळची पाचोडकडची, खालीच राहायची. शेताचे तुकडे पाडून विकलेला हा प्लॉट तिच्या नवऱ्याने नोंदणी न करता, नुसत्या शंभराच्या बाँडवर घेतला होता. पुढे नवरा वारला. सातबारा अजून मूळ शेतकऱ्याच्याच नावावर होता आणि लाइट बिलही. एकदा कागद झाला की भाडेकरू हटत नाही, असं ती मानत असे.

तीन वर्षं अडलं नाही. मग मुलीचं पहिलीचं वय झालं. शिक्षण हक्काच्या मोफत जागेसाठी भाडेकरूला नोंदणी केलेला भाडेकरार लागतो. जवळच्या शाळेची पूर्ण फी माझ्या उपसंपादकाच्या पगारात बसत नव्हती. अर्जाला आठ दिवस उरले होते.

‘‘कागद कशाला, दादा? तीन वर्षांत मी कवा निघा म्हणलं का?’’

‘‘शाळेला लागतो, मावशी.’’

‘‘शाळंत पोरगी बसणार का माझं घर?’’

बायकोने समजावलं, मी समजावलं. करार अकरा महिन्यांचाच असतो, हेही सांगितलं. ती नाय म्हणत राहिली. चौथ्या दिवशी मी म्हणालो, ‘‘करारात मालक म्हणून तुमचं नाव छापून येतं. सरकारी नोंद होते.’’

‘‘सरकारी?’’ तिने परत विचारलं. मग म्हणाली, ‘‘उद्या चला.’’

औरंगपुऱ्यात ऑनलाइन करार करून देणाऱ्याच्या टपरीवजा ऑफिसात आम्ही तिघं बसलो. मालकीचा पुरावा तिथे कोणी मागितला नाही. भाड्याचा रकाना आला, तसं ती म्हणाली, ‘‘लिव्हायचंच हाय तर गल्लीत चालतं तेवढं लिव्हा. लोक काय म्हणतील?’’ बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो. हजार रुपये तिथेच वाढले.

‘‘मालकाच्या जागी कोणाचं नाव हाय?’’

‘‘तुमचंच, मावशी,’’ ऑपरेटर म्हणाला. ‘‘अंगठा ठेवा. हलवू नका.’’

‘‘परत वाचा बरं.’’

त्याने वाचलं. अंगठा चौथ्या वेळी जुळला. तिने आपली प्रत लॅमिनेट करून मागितली. पैसे मी दिले.

सोडतीत मुलीचा नंबर लागला. पडताळणीच्या टेबलावर करार उलटसुलट पाहून त्यांनी शिक्का मारला. शाळा घरापासून चालत सात मिनिटांवर आहे.

पावसाळ्यानंतर मावशी ती प्रत घेऊन महापालिकेत गेली, प्लॉट नियमित करायची फाइल टाकायला. संध्याकाळी आमच्या दारात उभी राहून म्हणाली, ‘‘ते म्हणले, याच्यानं मालकी ठरत नसती. दादा, तुम्ही पेपरात असता. तुम्हाला ठावं नव्हतं का?’’

गुंठेवारीच्या, म्हणजे असे तुकड्यांचे प्लॉट नियमित करण्याच्या, बातम्या मीच लावतो. भाडेकराराने मालकी सिद्ध होत नाही, हे मला माहीत होतं.

‘‘होतं,’’ मी म्हणालो.

ती जिना उतरून खाली गेली. पुढच्या महिन्यात तिने भाडं ठरल्याप्रमाणे घेतलं. अकरा महिने संपत आले आहेत. नव्या करारासाठी तिला अजून मी विचारलेलं नाही.