डावी करंगळी

पोलिओ डोसची मोहीम झाली की आमच्या हट्टा गावात एक गृहस्थ तपासणीला फिरतात. नेमणूक परदेशी आरोग्यसंस्थेची, मोटारसायकल स्वतःची. ते लेकराचं नाव विचारत नाहीत, डावी करंगळी धरतात. डोस दिल्याची शाई असली तर पुढचं घर. नसली तर दारावर खडूनं फुली मारतात, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या नर्सबाईंना परत यावं लागतं. लग्नाच्या पंगतीतही त्यांनी करंगळ्या तपासल्यात.

परवा त्यांच्याच दारावर फुली दिसली.

“ही कुणी मारली?” मी विचारलं.

“मीच. सून नातवाला घेऊन मेंढरांमागं गेलती. डोस हुकला.”

“दोन थेंब तर हायेत. तुमीच पाजा की.”

“आमी पाजत न्हाई. आमी बघतो फक्त.”

आणि नर्सबाई येईपर्यंत ते नातवाची करंगळी धरून उंबऱ्यावर बसून राहिले.