दार लावून बसलेले काका

आमचे काका पोटापाण्यासाठी पासपोर्टचे फोटो काढतात, पण गावभर ओळखले जातात ते त्यांनी काढलेल्या एकुलत्या एका सिनेमामुळे. ओळखले म्हणजे बदनाम झाले. त्यात दोन तास एक बंद दार दिसतं. पहिल्याच खेळाला लोकांनी खुर्च्या बडवल्या, तेव्हा काका उठून बाहेर जाऊन उभे राहिले. एका पेपरने लिहिलं, दार उघडतच नाही, ही प्रेक्षकांची थट्टा आहे. दुसऱ्याने लिहिलं, दार उघडत नाही हीच तर प्रतिभा. काकांनी दोन्ही वाचून कपाळाला हात लावला आणि त्यानंतर दाराबद्दल अवाक्षर काढलं नाही. शेवट सांगायचा नसतो, हा त्यांचा हेका. शेवटपर्यंत बसलेला एक तरी माणूस आयुष्यात भेटावा, एवढीच त्यांची आस होती.

परवा एक बाई त्यांच्यावर माहितीपट करायला आल्या. काका हरखून गेले. इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले आणि सवयीने स्वतःलाच म्हणाले, हनुवटी जरा वर. मग बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला: दार न उघडण्यामागे तुमचा विचार काय होता? काकांचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे यांनीही अर्ध्यातच काढता पाय घेतला होता. काका उठले, आतल्या खोलीत गेले आणि कडी लावून बसले.

बाईंनी त्या दाराचंच चित्रण सुरू केलं. मला हसू आवरेना.

बऱ्याच वेळाने कंटाळून त्यांनी कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या काकूला विचारलं, तुम्ही तरी पाहिलात का हो तो सिनेमा?

"सगळा पाहिला," काकू म्हणाली. अंधारात तिची एक चप्पल घसरत पुढच्या रांगांखाली गेली होती. दिवे लागेपर्यंत हलणार कशी, म्हणून ती बसून राहिली. "आणि दार उघडतं हो. अगदी शेवटी एक बाई डोकावते आणि विचारते, अजून बसलाच आहात?"

आतली कडी निघाली. काका दारात उभे, डोळे भरलेले. इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

"तुम्हीच म्हणायचात, शेवट सांगायचा नसतो."

काकांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले आणि विचारलं,

"चप्पल सापडली होती का?"

"नाही. तुमच्याच बरोबर घरी आले की चालत, एक पाय अनवाणी."