सायलीची गाय

पहिलीतल्या सायलीने गाय काढली होती आणि तिच्या पोटातलं वासरूही दिसत होतं. या वयाची मुलं डोळ्यांना दिसतं ते नाही, मनाला ठाऊक असतं ते काढतात, असं मी डी.एड.ला शिकले होते. त्यामुळे मला त्या गाईचं फार कौतुक वाटलं.

मग एका दुपारी डोकं दुखत होतं म्हणून मी फळ्यावर दोन डोंगर, मधे सूर्य आणि एक झोपडी काढली. म्हटलं, "आज हे काढा."

दुसऱ्या दिवशी फळा कोरा ठेवला आणि सांगितलं, "आता मनातलं काढा." मग एकेक वही उघडून बघितली. पानापानावर तेच दोन डोंगर, तोच सूर्य. सायलीच्याही.

"तुझी गाय कुठे गेली गं?"

"ती चुकली होती ना, बाई," ती माझीच समजूत घातल्यासारखी म्हणाली.

मुलं अनुकरणातून शिकतात, हेही पुस्तकात होतं. पण कुणी चूक न म्हणताही ती स्वतःला चूक ठरवायला शिकतात, हे कुठेच नव्हतं. पेन्सिली धरून तीस मुलं माझ्याकडे बघत होती. मला खडू उचलायची भीती वाटली.